डब्यावरचा त्रिकोण

कीटकनाशकाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या वरच्या त्रिकोणात इशारा असतो, खालच्या त्रिकोणात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी; त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. झरी जामणीसारख्या कापसाच्या तालुक्यात हा डबा मुलांच्या रोजच्या पाहण्यातला. पण हे रंग आले कोठून?

जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ किडींसाठी नवे औषध शोधत होते. १९३६ साली त्यांना 'टाबून' सापडले. ते इतके जहाल निघाले की त्याची गणना युद्धातील विषारी रसायनांत झाली. याच कुळातून पुढे पॅराथिऑन आले. मज्जातंतूचा संदेश पोहोचला की तो पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते. सेंद्रिय फॉस्फरसची ही संयुगे त्या विकरालाच निकामी करतात. संदेश मग थांबतच नाही. किडीत हे विकर असते तसे माणसातही असते. म्हणून बाधा झालेल्याला घाम व लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात, श्वास कोंडतो.

१९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाऊन शंभरावर माणसे दगावली. चौकशी झाली; तरी कीटकनाशक कायदा होण्यास १९६८ साल उजाडले. १९७१ च्या नियमांनी रंगांचा त्रिकोण आणि डब्यासोबत माहितीपत्रक सक्तीचे केले.

आता रंग कसा ठरतो ते पाहू. प्रयोगातील निम्मे प्राणी मरण्यास शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष लागते, हे मोजतात. तोंडावाटे ५० पर्यंत पुरले तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. त्वचेवाटे होणाऱ्या बाधेसाठी वेगळे आकडे आहेत. यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ही मोजणी एका औषधाच्या एका मात्रेची आहे. डोक्याइतक्या पऱ्हाटीत शिरून दिवसभर तुषार श्वासात घेणाऱ्या मजुराची ती नाही, आणि पंपात दोन-तीन औषधे एकत्र ओतल्यावर काय होते, हेही ती सांगत नाही. सरकारी नियमाने छापलेला हिरवा रंग म्हणजे निर्धोकपणाचा दाखला नव्हे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात नेमके हेच घडले. त्या वर्षी कापूस उंच व दाट वाढला होता, हवा दमट होती, बोंडअळीचा जोर होता. औषधांची मिश्रणे मारली गेली, जोरदार पंप वापरले गेले. जुलैपासूनच्या काही महिन्यांत आठशेवर माणसे दवाखान्यात दाखल झाली आणि वीसच्या आसपास दगावली. पाच औषधांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली ती नोव्हेंबरात. तोवर फवारणीचा मुख्य हंगाम उरकला होता! सरकारी आदेशाची वाट पाहत बसलेल्याच्या पदरी काय पडले असते, हे तारखाच सांगतात.

उलट, घाबरून फवारणीच सोडा, असे सांगणे सोपे आहे. पण ज्याच्या बोंडात अळी आहे त्याला ते कसे परवडावे? मधला मार्ग मोजणीचा आहे. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग सलग तीन रात्री सापडले, तर फवारणीचा विचार करावा. कृषी केंद्रवाला 'चांगले औषध आले आहे' म्हणतो, एवढे कारण पुरेसे नाही. फवारणी करावी लागलीच, तर ती सकाळी, वाऱ्याकडे पाठ करून, अंगभर कपडे घालून करावी. तोंडाला बांधलेला दुपट्टा भिजला की तोच विष नाकाशी धरून ठेवतो. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. काम संपले की साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत.

आणि डबा फेकू नये. फॉस्फरस गटातील औषधावर डॉक्टर अॅट्रोपिन देतात, ते गुणकारी आहे. पण त्या वर्षी बंदी आलेल्या पाचांत डायफेन्थियुरॉनही होते. ते त्या गटातले नाही आणि त्यावर नेमका उतारा नाही; लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. रुग्णासोबत नाव पोहोचले नाही तर डॉक्टरांना अंदाजानेच चालावे लागते. मुलांनी डब्यांना हात लावू नये. मोठ्यांनी पत्रक बाजूला काढून द्यावे. त्यातील औषधाचे नाव, गट, लक्षणे व उतारा ठळक अक्षरांत वहीत उतरवणे हे आठवीच्या विद्यार्थ्याला सहज जमणारे काम आहे. हंगामापूर्वी जूनमध्येच ते करून घेता येईल.