केळ, बसराई
केळ, बसराई : (कुल-म्यूझेसी). बुटक्या कॅव्हेंडिश केळीचे महाराष्ट्रातील नाव. पिकल्यावर तशीच खाण्याच्या केळ्यांतील हा महत्त्वाचा प्रकार असून त्याचे पाश्चात्त्य नाव इंग्लंडमधील एका खाजगी काचगृहामुळे पडले.

इतिहास : याचे मूलस्थान दक्षिण चीन मानतात. तेथून ही केळ मॉरिशसला गेली व 1829 मध्ये चार्ल्स टेल्फेअर यांनी रोपे इंग्लंडला पाठविली. डेव्हनशरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांचे उद्यानप्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी त्यांपासूनचे एक रोप मिळवून चॅट्सवर्थ येथे वाढविले. नोव्हेंबर 1835 मध्ये त्यास फुलोरा आला व नंतर शंभरावर फळे धरली. मालकाच्या कुलनामावरून प्रकारास नाव मिळाले. जॉन विल्यम्स या मिशनऱ्यांनी नेलेल्या रोपांपैकी एक सामोआत जगले. फळांत बी नसल्याने वाढ मुनव्यांनीच होते. त्यामुळे प्रसारास एक रोपही पुरले.

ओळख : पूर्वी प्रत्येक प्रकारास स्वतंत्र जातिनाम देत. एन्. डब्ल्यू. सिमंड्स व के. शेफर्ड यांनी 1955 मध्ये पंधरा लक्षणांना गुण देऊन केळींचा संबंध म्यूझा ॲक्युमिनाटा व म्यूझा बाल्बिसियाना या दोन वन्य जातींशी जोडला. बसराई ही केवळ पहिल्या जातीपासून झालेली त्रिगुणित केळ होय. परसबागेत ती सहज ओळखता येते : उंची सु. 1.5 ते 2 मी., पाने रुंद व आखूड देठाची, देठावरील पन्हळ उघडी, कोवळ्या मुनव्यांच्या पानांवर तांबूस डाग. घडाच्या दांड्यावर छद व नर फुले वाळूनही टिकतात. उष्ण हवेत पिकलेल्या फळाची साल हिरवट राहते. हरिसाल या उंच प्रकारापासून ती बुटकेपणामुळे वेगळी ठरते.

लागवड : निचऱ्याची सुपीक जमीन, भरपूर पाणी व वाऱ्यापासून आडोसा लागतो. निरोगी झाडाचे तलवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे लावतात. घड कापल्यावर एकच मुनवा राखतात.

जळगाव भागात बसराईची मोठी लागवड होती. पुढे ऊतक संवर्धनाने वाढविलेल्या ग्रँड नैन या कॅव्हेंडिश प्रकाराने तिची जागा बव्हंशी घेतली. विसाव्या शतकाच्या मध्यास पनामा रोगाने ग्रो मिशेल केळीच्या निर्यातमळ्यांचा नाश केला, तेव्हा रोगास दाद न देणारी कॅव्हेंडिश केळ पुढे आली. मात्र त्याच कवकाचा एक नवा प्रकार तिलाही मारतो; 2019 मध्ये तो कोलंबियात आढळला. सर्व रोपे आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ सारखी असल्याने एकीस होणारा रोग साऱ्यांना होऊ शकतो. म्हणून परसातील निरनिराळे प्रकार ओळखून राखणे महत्त्वाचे ठरते.