इथरनेट केबल

इथरनेट केबल ही संगणक, राउटर, स्विच, दूरचित्रवाणी संच, निगराणी कॅमेरे इत्यादी उपकरणे परस्परांना जोडून त्यांच्यात विदावहन घडवून आणणारी तांब्याच्या तारांची केबल होय. बोलीभाषेत तिला 'लॅन केबल' किंवा 'नेटची वायर' म्हणतात. तिच्यात आठ तारांच्या चार जोड्या असून प्रत्येक जोडीतील दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो. या पिळामुळे बाहेरील विद्युत व्यत्यय आणि शेजारच्या जोडीतील संकेतांची सरमिसळ कमी होते. केबलची गुणवत्ता तारेचा धातू, तिची जाडी व पिळाची नियमितता यांवर ठरते. आवरणावर छापलेली श्रेणी हा त्या गुणवत्तेचा पुरावा नसतो.

श्रेणी

केबलच्या श्रेणींना 'कॅट' या संक्षेपाने ओळखले जाते. घरगुती वापरात पुढील श्रेणी आढळतात.

* कॅट-५ई : १०० मेगाहर्ट्झ. १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग. २०१६ च्या आयईईई मानकानुसार २.५ गिगाबिटही शक्य.
* कॅट-६ : २५० मेगाहर्ट्झ. १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट. अनुकूल स्थितीत सुमारे ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट.
* कॅट-६ए : ५०० मेगाहर्ट्झ. १०० मीटरपर्यंत १० गिगाबिट.

कॅट-७ ही श्रेणी आंतरराष्ट्रीय मानकात असली तरी अमेरिकी टीआयए मानकात तिचा समावेश नाही. तिच्यासाठी योजलेले जोडही नेहमीच्या आरजे-४५ जोडाहून वेगळे आहेत. त्यामुळे आरजे-४५ जोड लावून 'कॅट-७' म्हणून विकल्या जाणाऱ्या केबलचा घरगुती ग्राहकाला विशेष लाभ होत नाही. सामान्य घरात एक ओढ क्वचितच ३० मीटरहून लांब असते. तेवढ्या अंतरासाठी अस्सल तांब्याची कॅट-६ पुरेशी ठरते.

मराठवाड्यातील वापर

लातूर व नांदेड ही शिकवणी वर्गांसाठी प्रसिद्ध असलेली शहरे आहेत. येथील अनेक घरांत व वसतिगृहांत एकाच जोडणीवर अनेक विद्यार्थी दृक्‌श्राव्य तासिका पाहतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपापूर्वी या भागात दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदी घरे मोठ्या संख्येने होती. त्यानंतर सिमेंट-काँक्रीटच्या बांधकामांचे प्रमाण वाढले. जाड दगडी भिंत आणि लोखंडी सळ्यांचे काँक्रीट या दोहोंतून वायफायच्या लहरी, विशेषतः ५ गिगाहर्ट्झच्या, क्षीण होऊनच पलीकडे जातात. त्यामुळे खोलीपर्यंत केबल नेणे हा अधिक भरवशाचा उपाय ठरतो.

येथे उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. केबलची कमाल लांबी मात्र २० अंश तापमान गृहीत धरून ठरवलेली असते. आवरणरहित जोड्यांच्या केबलमधील संकेतक्षय २० ते ४० अंशांदरम्यान दर अंशाला सुमारे ०.४ टक्के व त्यापुढे ०.६ टक्के वाढतो. म्हणजेच ४५ अंशांना तो सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेला असतो. पत्र्याच्या छताखालून जाणारी लांब ओढ १०० ऐवजी ९० मीटरच्या आत ठेवणे त्यामुळे श्रेयस्कर असते. उघड्यावरून नेण्यासाठी अतिनील किरणांना टिकणारे काळे पॉलिथिलीन आवरण असलेली केबल वापरतात.

वळीव आणि परतीच्या पावसात या भागात विजा पडतात. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत किंवा घरापासून गोठ्यापर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून नेल्यास विजेच्या प्रभावाने दोन्ही टोकांची उपकरणे जळण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी धातूचा अंश नसलेली प्रकाशीय तंतूची केबल सुरक्षित असते. प्रकाशीय तंतूंचे उत्पादन मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथेही होते.

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम तार

स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर दिलेला असतो. अशा तारेला व्यापारात 'सीसीए' म्हणतात. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा सुमारे दीडपट असतो. ती ठिसूळ असून वारंवार वाकवल्यास तुटते. कॅट-५ई व त्यावरील श्रेणींच्या मानकांत ती बसत नाही, मग आवरणावर काहीही छापलेले असो. केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज पुरवली जाते तेव्हा वाढीव रोधामुळे विद्युतदाब घटतो आणि तार तापते. केबलची जुडी भिंतीतील नळीत कोंडलेली असल्यास हा धोका वाढतो.

खरेदी

खरेदीपूर्वी पुढील बाबी पाहता येतात.

* खरवडणे : तारेचे टोक पात्याने खरवडल्यास अस्सल तांबे आतूनही लालसर दिसते. मुलामा असल्यास आत रुपेरी धातू दिसतो.
* वजन : पूर्ण खोके ३०५ मीटरचे (१००० फूट) असते. २४ गेजच्या केबलमध्ये एवढ्या लांबीत केवळ तांब्याचेच वजन सुमारे साडेचार किलो व २३ गेजच्या केबलमध्ये साडेपाच किलोहून अधिक भरते. संपूर्ण खोक्याचे वजन याहून कमी असल्यास तार तांब्याची नाही किंवा लांबी अपुरी आहे.
* लांबीच्या खुणा : आवरणावर क्रमाने मीटर किंवा फूट छापलेले असतात. दोन्ही टोकांवरील आकड्यांच्या फरकातून लांबी पडताळता येते.
* चुंबक : चुंबक चिकटल्यास आत पोलाद आहे. मात्र ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही, म्हणून न चिकटणे हा तांब्याचा पुरावा नव्हे.

पक्क्या बिलावर श्रेणी, गेज, लांबी आणि 'संपूर्ण तांबे' असा उल्लेख करून घेणे हितावह असते. फसवणूक झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

चाचणी

केबल भिंतीत बुजवण्यापूर्वी चाचणी करणे आवश्यक असते. प्लास्टर झाल्यावर सापडलेला दोष भिंत फोडूनच दूर करावा लागतो.

तारजोडणी : एक ते आठ दिव्यांचा स्वस्त परीक्षक तुटलेली, चिकटलेली किंवा उलटसुलट लागलेली तार दाखवतो. टीआयए मानकातील 'बी' पद्धतीचा रंगक्रम पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा आहे. कारागिराने चारही जोड्या सरळ ओळीने लावल्या तर दोन्ही टोके सारखी असल्याने सर्व दिवे लागतात. तरीही तिसरी व सहावी तार वेगवेगळ्या जोड्यांत गेल्याने संकेतांची सरमिसळ होते. हा दोष असा परीक्षक दाखवू शकत नाही.

रोध : ३० मीटर केबलच्या एका टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा एकत्र पिळून दुसऱ्या टोकाला मल्टीमीटरने रोध मोजतात. २० अंशांना २४ गेजच्या तांब्यासाठी तो सुमारे ५ ओहम व २३ गेजसाठी सुमारे ४ ओहम येतो. मुलाम्याच्या तारेसाठी तो अनुक्रमे सुमारे ८ व ६ ओहम भरतो. मल्टीमीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध वजा करावा लागतो. उन्हाळ्यात ४० अंशांना तांब्याचे आकडे सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेले दिसतात.

वेग : दोन संगणक जोडून 'आयपर्फ-३' या मुक्त प्रणालीने वेग मोजता येतो. १ गिगाबिट जोडणीवर सुमारे ९४० मेगाबिट प्रतिसेकंद वेग मिळणे अपेक्षित असते. जोडणी १०० मेगाबिटवरच अडकल्यास बहुधा एखादी जोडी तुटलेली असते, कारण त्या वेगाला चारपैकी दोनच जोड्या पुरतात. वेग ठीक असूनही स्विचवर सदोष पुड्यांची संख्या वाढत राहिल्यास टोकांची जोडणी पुन्हा करतात. जोडापाशी पीळ १३ मिलिमीटरहून अधिक उलगडू नये आणि केबल तिच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये, असा संकेत आहे.

प्रमाणन : मानकातील सर्व निकष तपासणारी यंत्रे महाग असून ती मोठ्या कार्यालयांच्या कामांत वापरली जातात. घरगुती जाळ्यासाठी वरील तीन चाचण्या सामान्यतः पुरेशा ठरतात.