गेममधला खाटीक आणि पॅरिसचा खाटीक

इयरफोन लावलेत ना? जेवत असाल तर जेवण आधी उरका, कारण आजचा भाग मटणाच्या दुकानाबद्दल आहे.

स्कायरिम खेळलेल्यांना व्हाइटरन गाव आठवत असेल. 2011 चा गेम, पण अजून लोक खेळतात. त्या गावच्या बाजारात अनोरियाथ नावाचा एक एल्फ मांस विकत उभा असतो. त्याचा भाऊ एलरिंदिर आतलं दुकान सांभाळतो. म्हणजे भावाभावांचं, घरचं दुकान. आपण जायचं, हरणाचं मांस घ्यायचं, नाणी द्यायची, निघायचं. पोटापाण्यासाठी मी कोड लिहितो, त्यामुळे मला तो असा दिसतो: एक नाव, एक मालाची यादी, एक वेळापत्रक. संपला एनपीसी.

आमच्या रविवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ग्रुपसाठी मी सध्या एक गाव रचतोय. किल्ला, चर्च, नदी, आणि नदीकाठी एका कुटुंबाचं मटणाचं दुकान. असली गावं येतात मध्ययुगीन युरोपातून. मग प्रश्न पडला, की तिथलं खरं दुकान कसं असायचं? वाचत वाचत पोचलो पॅरिसला. आणि तिथले खाटीक अजिबात एनपीसी नव्हते.

जागा नीट डोळ्यासमोर आणा. सेन नदीचा उजवा काठ. तिथे शातले नावाचा दगडी किल्ला, त्यात कोर्ट आणि तुरुंग. त्याला लागूनच ग्रांद बुशरी, म्हणजे मोठा खाटीकबाजार. एकाच छपराखाली तीसेक गाळे. जनावरं आसपासच्या गल्ल्यांतच कापली जायची. एका गल्लीचं नावच होतं र्यू द ला त्युअरी, म्हणजे सरळसरळ 'कत्तल गल्ली'. रक्त आणि घाण नदीत. आणि वास? गेममध्ये वास येत नाही, हे आपलं नशीब.

आता यातलं 'घरचं दुकान' म्हणजे काय ते बघा. हे गाळे कुणालाही विकत मिळायचे नाहीत. ते मोजक्या घराण्यांकडे होते आणि बापाकडून मुलाकडेच जायचे. मुलीकडे नाही, जावयाकडे नाही. एखाद्या घरात मुलगाच उरला नाही, तर गाळा परत सगळ्या खाटकांच्या संघटनेकडे. या संघटनेला गिल्ड म्हणतात. आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत विणकरांच्या 'श्रेणी' येतात ना, साधारण तसलाच प्रकार. राजा फिलिप ऑगस्टसने 1182 मध्ये या खाटकांचे जुने हक्क लेखी मान्य केले. पुढे 1268 च्या सुमारास पॅरिसच्या शंभरेक धंद्यांचे नियम एका पुस्तकात नोंदवले गेले. त्यात बेकरीवाले आहेत, सुतार आहेत, पण खाटीक नाहीत! त्यांचे नियम वेगळे, त्यांचा प्रमुख वेगळा. सिस्टीमच्या आत राहून स्वतःचा वेगळा सर्व्हर चालवणारी ही माणसं.

पैसाही तसाच. जनावर कापलं की फक्त मांस मिळत नाही. कातडं चांभाराकडे आणि चर्मकाराकडे जातं, चरबी मेणबत्तीवाल्याकडे, शिंगं कंगवे करणाऱ्याकडे. म्हणजे शहराचे निम्मे धंदे खाटकाच्या दारातून सुरू व्हायचे. सेंत-यों, तिबेर, लग्वा ही घराणी चांगलीच गब्बर झाली होती.

पण मान? तो नव्हता. रक्तात हात घालणाऱ्याकडे 'भल्या' माणसांनी नाक मुरडायचं, हे तिथेही होतंच. मांस सगळ्यांना हवं, मांस कापणारा पंगतीला नको. हे आपल्याला काही परकं वाटायला नको.

पैसा आहे, संघटना आहे, हातात सुरे आहेत, आणि मान नाही. आता यात राजकारण टाका.

राजा सहावा चार्ल्स. 1392 पासून त्याला वेडाचे झटके यायचे. राजा असा, म्हणून सत्तेसाठी त्याचे नातेवाईकच एकमेकांच्या जिवावर उठले. 1407 मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने राजाच्या सख्ख्या भावाचा भर पॅरिसमध्ये खून करवला आणि यादवी पेटली. एका बाजूला बर्गंडीवाले, दुसऱ्या बाजूला आर्मन्याक. बर्गंडीच्या ड्यूकला पॅरिसमध्ये माणसं हवी होती, आणि त्याने हात पुढे केला तो खाटकांकडे.

एप्रिल 1413. जमावाने बास्तिल किल्ल्याला गराडा घातला. युवराजाच्या वाड्यात घुसून त्याच्या देखत त्याची माणसं पकडून नेली. बंडवाल्यांची खूण होती पांढरी टोपी, आणि ती खुद्द राजानेही डोक्यावर चढवली! मे महिन्यात अडीचशेहून जास्त कलमांचा एक मोठा हुकूम निघाला. त्यात खजिन्याच्या उधळपट्टीला आणि अधिकाऱ्यांच्या मनमानीला आळा घालायची कलमं होती. कागदावर बघितलं तर शहाणपणाच्या गोष्टी. रस्त्यावर मात्र माणसं मारली जात होती, घरं लुटली जात होती. काही महिन्यांत शहर या सगळ्याला कंटाळलं, बंडाचे पुढारी पळाले, आणि सप्टेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला.

या बंडाला इतिहासात 'काबोशियां' बंड म्हणतात, सिमों काबोश या माणसावरून. आणि हा काबोश कोण? ग्रांद बुशरीत कातडी सोलणारा. गाळ्याचा मालक नाही. जन्मभर राबला असता तरी त्या छपराखाली एक गाळा त्याच्या नावावर झाला नसता, कारण त्याचा बाप त्या मोजक्या घराण्यांतला नव्हता. बंडाला नाव त्याचं लागलं, गाळे त्यांच्याकडे राहिले. मला ही सगळी गोष्ट या एका माणसाशी येऊन थांबल्यासारखी वाटते.

पुढचं तर अजून भारी आहे. 1416 मध्ये आर्मन्याकांनी सूड म्हणून अख्खी ग्रांद बुशरी पाडली आणि खाटकांचे हक्क काढून घेतले. 1418 मध्ये बर्गंडीवाले पॅरिसमध्ये परत आले, आणि घराण्यांना त्यांचे हक्क परत मिळाले. दोन वर्षांत रोलबॅक! कत्तलखाने पॅरिसच्या मधल्या वस्तीतून हलले ते खूप नंतर. नेपोलियनने 1810 मध्ये हुकूम काढला आणि 1818 मध्ये वेगळे कत्तलखाने सुरू झाले.

आता हॅरी पॉटरवाल्यांसाठी. पहिल्या पुस्तकातला परीस बनवणारा निकोलस फ्लामेल आठवतोय? तो खरा माणूस होता. पॅरिसचा लेखनिक, कागदपत्रं आणि पोथ्या लिहून देणारा. तो गेला 1418 मध्येच, आणि त्याला पुरलं सेंत-जाक-द-ला-बुशरी या चर्चमध्ये. नावातच 'बुशरी'! हे खाटकांच्या वस्तीतलं चर्च. म्हणजे फ्लामेल आणि काबोश एकाच वस्तीत वावरले. फँटसीने त्यातल्या लेखनिकाला जादूगार केलं, आणि ज्यांनी राजाला टोपी घालायला लावली त्या खाटकांना बाजारात उभं करून मालाची यादी दिली.

म्हणून माझ्या गावातल्या दुकानात मी आता तीन गोष्टी घातल्यात. एक, दुकान मुलालाच मिळणार, पण मालकाला मुलगीच आहे आणि सुरा तिच्याच हाताला बसलाय. दोन, मागे कातडी सोलणारा एक नोकर आहे, ज्याला सगळं येतं आणि काहीच मिळणार नाही. तीन, किल्ल्यातला सरदार हल्ली दुकानात जरा जास्तच गोड बोलायला येतो. राक्षस एकही नाही, तरी खेळायला भरपूर आहे. 'घरचं दुकान' ऐकलं की आपल्याला ऊब वाटते. पण घर म्हटलं की दार आलं, आणि दार कुणासाठी तरी बंद असतंच.

कधी पॅरिसला गेलात, तर शातलेजवळ एक उंच नक्षीदार मनोरा दिसेल, तूर सेंत-जाक. चर्च 1797 मध्ये पाडलं, हा मनोरा तेवढा उरला. पर्यटक फोटो काढतात. तुम्ही काढाल तेव्हा त्या जुन्या नावातलं गळून गेलेलं 'बुशरी' तेवढं मनात जोडा.