घरपट्टीत वाचनालय कुठंय?

घरपट्टीचं बिल कधी सावकाश वाचलंय का? आपल्या बिलात शिक्षण कर असतो, पण ग्रंथालयासाठी कर नसतो. म्हैसाळच्या पुढं कागवाड लागलं की कर्नाटक. तिथं 1965 च्या ग्रंथालय कायद्यानं घरपट्टीवर ग्रंथालय उपकर आहे. आपला कायदा दोनच वर्षांनी, 1967 ला आला. त्यात उपकराची तरतूदच नाही.

आता तुम्ही म्हणाल, आहेत ते कर काय कमी आहेत? थोडं मागं जाऊया.

मिरजेच्या हायस्कुलात वासुदेवशास्त्री खरे नावाचे संस्कृतचे शिक्षक होते. पटवर्धनांच्या दप्तरातले मोडी कागद त्यांनी वाचायला घेतले. नोकरी सांभाळून, डोळे फोडून एकेक पत्र लावायचं. 1897 पासून त्यांनी ते ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून छापायला सुरुवात केली आणि 1924 ला वारले तोवर बारा खंड काढले. पेशवाईच्या उत्तरार्धावर लिहिणाऱ्याला आजही या खंडांकडं यावंच लागतं. मिरजेत त्यांच्या नावाचं खरे वाचन मंदिर आहे.

मी हे खंड वाचायला घेतले तेव्हा पहिले चार दिवस वैताग आला. कोण कुणाला लिहितोय कळेना, तारखा जुळेनात. पण एकदा कान बसला की मग सोडवत नाही. लढाईच्या बातमीइतकीच पैशाच्या ओढीची रड. मोठमोठे सरदारसुद्धा महिनाअखेरीला आपल्यासारखेच! हा आनंद फुकटात मिळाला, कारण कुणीतरी शंभर वर्षं ते खंड जपून ठेवले होते.

वैतागाचेही प्रकार आहेत. तीन भागांच्या कादंबरीचा दुसरा भाग गायब. रहस्यकथेचं शेवटचं पान फाडलेलं. आधीच्या वाचकानं समासात पेन्सिलीनं खुनी कोण ते लिहून ठेवलेलं! हे हसण्यावारी नेता येतं. पण कामगाराला सुट्टी असते त्याच दिवशी वाचनालयाला कुलूप असतं, ते हसण्यावारी जात नाही.

याचं मूळ पैशात आहे. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारची नाहीत, संस्थांची आहेत. सरकार अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान देतं. त्यातूनच पगार, वीजबिल, मासिकं आणि पुस्तकं भागवायची. ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर राबतो. दोन पाळ्यांत वाचनालय उघडं ठेवायला माणूस आणायचा कुठून?

आणि 2019 चा ऑगस्ट आठवा. आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. घर पडलं तर पंचनामा होतो, शेत वाहिलं तर होतो. पण पुन्हा छापलंच न गेलेल्या पुस्तकाची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची?

कुपवाड उंचावर आहे. कृष्णेचं पाणी इथवर येत नाही. एमआयडीसी आहे, हजारो कामगार आहेत, त्यांची शिकणारी पोरं आहेत. 1998 ला तिन्ही शहरांची मिळून एक महापालिका झाली. दुर्मीळ पुस्तकांचं सुरक्षित कोठार आणि रात्री दहापर्यंत उघडी अभ्यासिका, दोन्हीला याहून चांगली जागा या तीन शहरांत कुठली?

ग्रंथालयाचा कायदा ही काय परकी कल्पना नाही. स्वातंत्र्याच्या आधी, 1945 ला, कोल्हापूर संस्थाननं तो केला होता. देशातला पहिला. म्हणजे आपल्या शेजारच्या संस्थानाला जे सुचलं, ते आपण अर्ध्यावर ठेवलं.

माझं म्हणणं साधं आहे. घरपट्टीमागं वर्षाला दहा रुपये का होईना, फक्त वाचनालयासाठी घ्या आणि त्याचा हिशोब दरवर्षी जाहीर करा. विरोध असेल त्यांनी जरूर लिहा, पण आकडा मांडून. आणि पटत असेल तर मतं मागायला दारात येईल त्या प्रत्येकाला विचारा, कुपवाडचं वाचनालय कधी?