आगरकरांनंतर कोण?

एखाद्या शाळेचे जुने, नामांकित हेडमास्तर निवृत्त व्हावयाचे झाले म्हणजे ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली यांसारख्या गांवांत घरोघर एकच प्रश्न निघतो : आतां त्यांच्या जागीं कोण? ज्यांनीं बापाला शिकविलें आणि मुलालाहि शिकविलें, ज्यांच्या छडीचा धाक आणि अक्षराचें वळण दोन पिढ्यांना लागलें, त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर बसणाऱ्याचें अभिनंदन करावें कीं त्याची कींव करावी, हेंच कळेनासें होतें. ठाण्याला हा प्रश्न नवा नाहीं. विनायक लक्ष्मण भावे यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १८९३ सालीं तेथें मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिलें. १९२६ सालीं भावे निवर्तले; संग्रहालय मात्र चालू राहिलें आणि त्यांच्या ‘महाराष्ट्र-सारस्वत’ या ग्रंथाला पुढें डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं पुरवणी जोडली. ग्रंथाला पुरवणी जोडतां येते. माणसाला ती जोडतां येत नाहीं. तेथें जुनें पान संपतें आणि नवें उघडावें लागतें.

महाराष्ट्रांत हा पेंच वारंवार, आणि तोहि फार लवकर लवकर, पडला तो पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनीं १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल काढलें. वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. दोन वर्षें होतात न होतात तोंच, १८८२ च्या मार्च महिन्यांत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं विष्णुशास्त्री गेले. ज्यांच्या नांवावर शाळा उभी राहिली तेच गेल्यावर ती मिटणार, असें पुष्कळांना वाटलें असल्यास नवल नाहीं. पण शाळा वाढली; १८८४ सालीं सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजीं फर्ग्युसन कॉलेज उघडलें. आपटे हे त्याचे पहिले प्रिन्सिपॉल.

या संस्थेची घडण नीट पाहिल्यावांचून तिच्या पुढील निवडींचें मर्म ध्यानांत येणार नाहीं. लाइफ मेंबर होणाऱ्यानें वीस वर्षें निर्वाहापुरत्या वेतनावर काम करावयाचें, ही तेथील प्रतिज्ञा. सरकारी कॉलेजांत साहेब प्रोफेसरांना महिना शेंकडों रुपये पडत असतां येथें पुढील काळांतहि ते ७५ च्या घरांतच राहिले. प्रिन्सिपॉल झाला म्हणून कोणाला सरदारकी लाभत नसे. ज्या खुर्चीखालीं पैशाची थैली नाहीं तिच्यासाठीं होणारी चढाओढहि निराळ्या जातीची असते. अर्थात् भांडणें झालीं नाहींत असें नव्हे. बाहेरची कमाई करावी कीं न करावी, वेतन वाढवून घ्यावें कीं न घ्यावें, या वादांत मनें दुभंगलीं, आणि १८९० च्या डिसेंबरांत खुद्द टिळकांनींच राजीनामा दिला.

टिळक गणित शिकवीत. पुस्तक न उघडतां अवघड उदाहरण तोंडीं सोडवून दाखविण्याची त्यांची हातोटी विद्यार्थ्यांच्या आठवणींत कायम राहिली होती. अशा गुरूच्या जागीं कोणाला उभें करावें? १८९१ सालीं गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं मुंबईहून आपले एल्फिन्स्टन कॉलेजांतील स्नेही धोंडो केशव कर्वे यांना बोलावून घेतलें. कर्वे हे शाळांतून गणित शिकवून चरितार्थ चालविणारे, मितभाषी आणि संकोची गृहस्थ. टिळकांचें तेज त्यांच्यांत नव्हतें आणि तें आणण्याचा आवहि त्यांनीं कधीं आणला नाहीं. त्यांनीं नेमून दिलेला तास घेतला, आणि वर्गाबाहेर जो संसार मांडला तो विधवांच्या शिक्षणाचा. टिळकांच्या जागीं दुसरा टिळक शोधण्याच्या भरीस संस्था पडली नाहीं, हें तिचें पहिलें शहाणपण.

१८९२ च्या ऑगस्टांत आपटे वारले. वय अवघें चौतीस. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश बाहेर पडून दोनच वर्षें झालीं होतीं. आतांची निवड गणिताच्या तासापुरती नव्हती. ज्याच्याकडे बोट दाखवून लोक ‘हें कॉलेज यांचें’ असें म्हणणार, त्या माणसाची ती निवड होती. खुर्चीवर बसावयाचे ते आगरकर. आदलेंच वर्ष संमतिवयाच्या कायद्याच्या वादळाचें. पुण्यांत सुधारक हा शब्द शिवीसारखा उच्चारला जात होता, आणि आगरकर तर ‘सुधारक’ पत्राचे संपादक. जें इष्ट वाटेल तें बोलणार आणि जें साध्य असेल तें करणार, असा त्यांचा बाणा. वडीलधाऱ्यांनीं आपलीं मुलें दुसऱ्या कॉलेजांत घातलीं, संस्थानिकांनीं देणग्यांचा हात आंखडता घेतला, तर काय करावयाचें, ही भीति कोणालाहि पडावी अशीच होती. एखादा सौम्य, सर्वांना रुचणारा माणूस पुढें करून दिवस काढणें सोपें होतें. संस्थेनें तसें केलें नाहीं. या निवडींत जेवढें धाडस आहे तेवढें पुढच्या कोणत्याहि निवडींत दिसत नाहीं.

आगरकरांना त्या पदावर तीन वर्षेंहि पुरतीं लाभलीं नाहींत. दम्यानें शरीर पोखरलेलें. दिवसा कॉलेज, रात्रीं लेख, असा क्रम चालला असतां १७ जून १८९५ रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, ते गेले. अंत्यविधीच्या खर्चासाठीं त्यांनीं स्वतःच पैसे बांधून ठेवले होते असें सांगतात. एम्. ए. झाल्यावर मोठ्या पगाराच्या वाटेला न जातां थोडक्यांत निर्वाह करून लोकांसाठीं झटेन, असें आईला कळविणाऱ्या मुलाला तें शोभेसेंच होतें.

आतां खरा प्रश्न. आपट्यांनंतर आगरकर होते, आगरकरांनंतर कोण? गोखले होते, पण त्यांचें चित्त सार्वजनिक कामाकडे ओढलेलें. कर्व्यांना येऊन चार वर्षेंहि झालीं नव्हतीं. निवड झाली ती महादेव शिवराम गोळे यांची. गोळे हे सोसायटीच्या अगदीं पहिल्या लाइफ मेंबरांपैकीं एक. त्याच १८९५ सालीं त्यांचें ‘ब्राह्मण आणि त्यांची विद्या’ हें पुस्तक निघालें, म्हणजे स्वतंत्रपणें विचार करणारा आणि स्वजनांना चार गोष्टी ऐकविण्यास न भिणारा हा मनुष्य होता. तरी आज फर्ग्युसनचें नांव काढलें कीं आगरकर आठवतात, परांजपे आठवतात. मध्यें सात वर्षें गोळे होते हें शंभरांत एखाद्यालाच ठाऊक असतें. हा अन्याय आहे. त्या सात वर्षांत काय काय झालें तें पाहावें. १८९६ च्या सुमारास दुष्काळ आला, पाठोपाठ पुण्यांत प्लेग आला, २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, टिळकांना शिक्षा झाली. त्याच वर्षीं विलायतेंत असतां सोजिरांच्या वर्तनाविषयीं गोखल्यांनीं जी तक्रार छापली तिला पुरावा देतां न आल्यामुळें त्यांना जाहीर माफी मागावी लागली, आणि कॉलेजचाच प्रोफेसर सरकार व लोक या दोहोंच्या रोषाचा धनी झाला. अशा दिवसांत कॉलेज चालू ठेवणें, हेंच मोठें काम होतें. तें गोळ्यांच्या कारकीर्दींत पार पडलें.

थोर पुरुषाच्या लगेच मागून येणाऱ्याच्या नशिबीं काय असतें, याचें उदाहरण फार दूरच्या आणि फार निराळ्या क्षेत्रांतहि सांपडतें. अमेरिकेंत कॉलेजांच्या फुटबॉलला केवढें महत्त्व आहे हें आपल्याकडे पटकन उमगत नाहीं. तो फुटबॉलहि आपला नव्हे, त्यांत चेंडू हातीं घेऊन धांवतात. तेथें संघाला खेळ शिकविणाऱ्या गुरूला ‘कोच’ म्हणतात. इंडियाना संस्थानांतील नोत्र दाम येथील कॉलेजाचा कोच नूट रॉकनी यानें १९१८ पासून तेरा हंगामांत १०५ सामने जिंकले, १२ गमावले आणि ५ बरोबरींत सोडविले. ३१ मार्च १९३१ रोजीं विमानाच्या अपघातांत तो मरण पावला. त्याच्या जागीं त्याचाच शिष्य आणि साहाय्यक हंक अँडरसन आला. पहिल्या दोन वर्षांत त्याच्या संघानें तेरा सामने जिंकले आणि चारच गमावले. दुसऱ्या कोठें त्याची पाठ थोपटली गेली असती. तिसऱ्या वर्षीं विजय तीन, पराभव पांच. आणि १९३४ सालीं रॉकनीचाच दुसरा शिष्य एल्मर लेडन त्या जागीं आला. अँडरसनचें दुर्दैव इतकेंच कीं त्याच्या प्रत्येक सामन्याशेजारीं रॉकनीचा आंकडा लिहिलेला होता.

गोळ्यांच्या शेजारींहि आगरकरांचें नांव होतेंच. पण खेळांतल्यासारखी जयापजयाची मोजदाद येथें नव्हती, आणि सोबतीला त्याच प्रतिज्ञेनें बांधलेले, तेवढ्याच वेतनावरचे सहकारी होते. त्यामुळें त्यांना सात वर्षें निवांत मिळालीं, आणि तेवढ्या अवधींत खरा वारस तयार झाला.

तो वारस म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. जन्म १८७६ चा, गांव दापोली तालुक्यांतलें मुर्डी. आगरकर प्रिन्सिपॉल असतां ते फर्ग्युसनमध्येंच शिकत होते. १८९६ सालीं सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ सालीं गणितांत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी. बातमी आली तेव्हां महाराष्ट्र हर्षानें नाचला. असा पुरुष परत आल्यावर मोठ्या पगाराची कोणतीहि वाट त्याला मोकळी होती. त्यांनीं लाइफ मेंबराचें तुटपुंजें वेतन पत्करलें; आणि १९०२ सालीं गोळे पदावरून दूर झाल्यावर सव्विसाव्या वर्षीं ते प्रिन्सिपॉल झाले.

या निवडीचें कौतुक रँग्लरच्या पदवीमुळें होतें. पण तिच्यांत त्याहून नाजूक गोष्ट होती. त्यांच्याहून वयानें व अनुभवानें वडील असलेले प्रोफेसर तेथें होते, आणि त्यांत कर्वे होते. कर्वे हे परांजप्यांचे आतेमामेभावांच्या नात्यांतले, अठरा वर्षांनीं मोठे. लहानग्या रघुनाथाला मुंबईस आपल्या बिऱ्हाडीं आणून त्याच्या शिक्षणाकडे पाहिलें तें त्यांनींच. आतां तोच मुलगा कॉलेजचा प्रमुख, आणि अण्णा त्याच्या हाताखालचे गणिताचे प्रोफेसर! एरवीं अशा गोष्टीवरून घरें फुटतात. येथें त्यांचीं कामें शेजारीं शेजारीं चाललीं. आगरकरांच्या बुद्धिवादाचा वारसा परांजप्यांनीं उघडपणें चालविला, १९२१ सालीं ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. कर्वे तासामागून तास घेत राहिले आणि तास संपले कीं हिंगण्याच्या आश्रमाची वाट धरीत राहिले. १९१४ सालीं ते कॉलेजांतून निवृत्त झाले, तेव्हां प्रिन्सिपॉलच्या खुर्चीवर परांजपेच होते.