बाटल्या धुण्याचं वर्ष

परवा भोरच्या घराचा माळा आवरताना आजोबांचा पितळी तराजू सापडला. इतका चिमुकला की मुलांना भातुकलीतला वाटला!

आजोबा मूळचे वेल्ह्याचे, तोरण्याच्या पायथ्याचे. 1941 च्या सुमारास भोरला एका डॉक्टरांकडे लागले ते बाटल्या धुवायला. वर्षभर तेच. मग पुड्या बांधणं, मग कागदाची पट्टी कातरून बाटलीवर डोसाच्या खुणा चिकटवणं. मिक्श्चरला हात लावू दिला तो तिसऱ्या वर्षी, विषारी औषधांच्या कपाटाची किल्ली त्याहून उशिरा. अभ्यासक्रम डॉक्टरांच्या मनात असेल तोच. दुसऱ्या दवाखान्यात पोरगा महिनाभरात औषध मोजू लागायचा, असं आजोबा सांगत.

हे सगळीकडेच होतं. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने 1931 मध्येच या व्यवसायाच्या शिक्षणाला शिस्त लावा म्हणून सांगितलं होतं. कायदा यायला 1948 उजाडलं. गंमत बघा, फार्मसी कायदा 4 मार्चचा आणि भोर संस्थान मुंबई प्रांतात गेलं ते 8 मार्चला!

पुढे पहिलं रजिस्टर तयार होताना कायद्यात एक वाट होती. पाच वर्षं औषधं बनवण्याचं काम केलेल्याला नाव नोंदवता येई. डॉक्टर दाखला लिहायला बसले आणि वाद झाला. बाटल्या धुण्याचं वर्ष धरायचं का? डॉक्टर म्हणाले, धरू. आजोबा म्हणाले, नको. ते सोडूनही पाच भरत होती, म्हणून निभावलं.

नंतर वर्षांच्या जागी तास आले. 1991 च्या नियमांनी डी.फार्म.साठी 500 तासांचं प्रत्यक्ष काम ठरवलं, त्यातले 250 प्रिस्क्रिप्शनप्रमाणे औषध देण्याचे. 2020 च्या नियमांतही 500 तास आहेतच. वेल्ह्याचा मुलगा असो की पुण्याचा, माप एक. हे बरंच झालं. आजोबांना भेटले तसे डॉक्टर सगळ्यांच्या नशिबी कुठले?

पण आमच्या नात्यातल्या एका मुलाला दुकानदाराने पहिल्याच दिवशी विचारलं, "रोज येणार, की नुसतं सर्टिफिकेट हवंय?" तो रोज गेला. तीन महिने खोकी उचलली, फळ्या पुसल्या. वहीत मात्र 250 तास औषध दिल्याचे लिहिले गेले.

तराजू त्यानेच मागून घेतला. तेव्हा मी त्याला दाखल्याची गोष्ट सांगितली. जरा वेळाने म्हणाला, "म्हणजे पणजोबांनी ते वर्ष धरलंच नाही?"

नाही धरलं.