जेझुइट विद्यालये : ब्रीद आणि मूल्यदृष्टी

शिक्षणसंस्थेचे ब्रीद तिच्या मूल्यदृष्टीचे द्योतक असते. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने १५४८ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे विद्यालय स्थापन केले. १५९९ च्या 'रातिओ स्तुदिओरुम'ने या शिक्षणपरंपरेला निश्चित अभ्यासपद्धती दिली. 'ईश्वराच्या अधिक गौरवासाठी' हे तिचे ब्रीद, तर येशूच्या ग्रीक नावातील पहिली तीन अक्षरे हे बोधचिन्ह होय. या ब्रीदाचा सामाजिक अर्थ कोणता, हा प्रश्न १९७३ मध्ये संघप्रमुख पेद्रो अर्रुपे यांनी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे माजी विद्यार्थ्यांसमोर उपस्थित केला. आम्ही तुम्हांला न्यायासाठी घडविले नाही, अशी कबुली देऊन 'इतरांसाठी जगणारी माणसे' घडविणे हे ध्येय त्यांनी प्रतिपादिले. ब्रीद तेच राहिले. परंतु संस्थेने त्याच्या कसोटीवर स्वतःची परीक्षा घेतल्यामुळे त्यास नवा आशय प्राप्त झाला.